सात वर्षांच्या मुलीसाठी कराओके: कशावर खर्च करावा, कशाला भुलू नये

प्रश्न असा आहे: मुलगी ७ वर्षांची, दिवसभर काही ना काही गुणगुणत असते. बालगीतं, गणपतीची गाणी, आजीकडून ऐकलेली दोन-चार जुनी भावगीतं, थोडं हिंदी. घर दोन खोल्या आणि हॉल, हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही. वाढदिवसाला कराओके मशीन द्यायचंय, बजेट ५,००० रुपये. हातात धरायचा स्पीकरवाला ब्लूटूथ माइक घ्यावा, चाकांचा ट्रॉली स्पीकर घ्यावा, की स्क्रीन असलेलं मशीन?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तारेचा माइक लावायची जाड पिनेची जागा असलेला आणि माइक व संगीत यांचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करता येतील असा लहान ट्रॉली स्पीकर घ्या, आणि त्याला एक बरा डायनॅमिक (सेल न लागणारा, दणकट) माइक वेगळा विकत घ्या. शब्द टीव्हीवर दिसतील, ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज नसलेली साथ, टीव्हीतून किंवा फोनमधून येईल. स्पीकरवाला ब्लूटूथ माइक चार-पाच वर्षांच्या मुलासाठी खेळणं म्हणून ठीक आहे, गाण्यासाठी नाही. स्क्रीनवालं मशीन या बजेटात घेऊच नका: ४-५ इंचांच्या पडद्यावर देवनागरी शब्द वाचायला मुलगी खाली वाकणार आणि माइक तोंडापासून दूर जाणार.

कराओके म्हणजे खोक्याच्या आत चार वेगळी कामं असतात: माइक, त्याचा आवाज वाढवून संगीतात मिसळणारा भाग, स्पीकर आणि ट्रॅक कुठून येतो ती जागा. जाहिरात बोलते ती स्पीकरबद्दल आणि गाण्यांच्या संख्येबद्दल. मूल गाताना रमेल की कंटाळेल हे मात्र पहिल्या दोन गोष्टींवर ठरतं. म्हणून दिवे, रंग, ‘१,००० गाणी भरलेली’ वगैरे बाजूला ठेवून माइकपासून सुरुवात करू.

आवाजाला उशीर का होतो

ब्लूटूथमुळे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबतो. आपण गातो तेव्हा स्वतःचा आवाज कानावर जवळजवळ लगेच पडावा लागतो. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकर साडेतीन मीटरवर ठेवण्यासारखाच आहे, तो कुणाला जाणवतही नाही. ३० च्या पुढे लय जड वाटायला लागते. २०० च्या आसपास माणूस बोलतानाही अडखळतो, आणि मूल तर गाणंच सोडून देतं. साध्या ब्लूटूथचा उशीर १५० ते २५० मिलिसेकंदांच्या घरात असतो.

म्हणजे ब्लूटूथ वाईट का? तसं नाही. त्यातून काय जातंय ते महत्त्वाचं. फोनमधून फक्त ट्रॅक ब्लूटूथने स्पीकरला जात असेल आणि माइक थेट स्पीकरला जोडलेला असेल, तर काही बिघडत नाही. ट्रॅक पाव सेकंद उशिरा वाजला तरी मुलगी तोच ऐकून त्याच्याबरोबर गाते. फार तर शब्द पडद्यावर आधी रंगतात आणि सूर मागून येतो. बरीच व्हिडिओ अ‍ॅप हा फरक स्वतःच भरून काढतात. न काढल्यास तार लावा.

माइक फोनला, फोनमध्ये गाण्याचं अ‍ॅप आणि तिथून ब्लूटूथने स्पीकरला, ही रचना मात्र कधीच चालत नाही. मुलीचा आवाज पूर्ण फेरा मारून येतो आणि ती स्वतःच्याच मागे धावत राहते. कितीही महाग स्पीकर आणला तरी हे सुटत नाही. माइकचा आवाज फोन आणि ब्लूटूथ यांच्या वाटेला जाता कामा नये.

आता हातातला स्पीकरवाला माइक. ‘टीव्हीला जोडता येतो’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण जोडल्यावर होतं उलटं. टीव्हीच्या दृष्टीने तो माइक नसून ब्लूटूथ स्पीकर असतो. टीव्हीतलं गाणं त्या माइकच्या बुडाशी असलेल्या छोट्या स्पीकरमधून वाजायला लागतं आणि टीव्ही गप्प होतो. मुलीचा आवाजही त्याच चिमुकल्या स्पीकरमधून. टीव्हीच्या मोठ्या स्पीकरमधून आवाज येईल या आशेने घेतलेले कितीतरी माइक आठवड्याभरात कपाटात जातात ते यामुळेच. शिवाय स्पीकर आणि माइक एकाच दांड्यावर असल्याने आवाज जरा वाढवला की कुईऽऽ अशी शिट्टी ठरलेली, आणि ती टाळायला कंपनीने मुळातच माइक मंद ठेवलेला असतो. मग मूल ओरडून गातं.

टीव्ही वापरायची बरोबर पद्धत अशी: टीव्हीच्या मागची हेडफोनची ३.५ मिमीची जागा आणि स्पीकरची ‘ऑक्स इन’ (बाहेरचा आवाज आत घ्यायची जागा) यांना जोडणारी केबल, लांबी ३ ते ५ मीटर, किंमत दीड-दोनशे. टीव्हीचा आवाज ६० ते ७० टक्क्यांवर ठेवून द्या, पुढचं कमीजास्त स्पीकरवर करा. नव्या टीव्हींना हेडफोनची जागा कधीकधी नसते, फक्त ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावाटे डिजिटल आवाज देणारी जागा असते. तेव्हा ऑप्टिकलमधून साधा आवाज काढणारं छोटं कन्व्हर्टर लागतं. ते लावूनही शांतता असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’ या साध्या प्रकारावर आणा, डॉल्बी हा गुंडाळलेला प्रकार चालू असेल तर स्वस्त कन्व्हर्टरला तो उलगडत नाही. घरात साउंडबार असेल तर तोच वापरावा असं वाटतं, पण बहुतेक साउंडबारना माइकची जागाच नसते.

माइक

ट्रॉली स्पीकरसोबत येणारा बिनतारी माइक बहुधा संपूर्ण संचातला सगळ्यात कच्चा भाग असतो. तो ठेवा, पाहुण्यांना उपयोगी पडेल. मुलीसाठी तारेचा डायनॅमिक माइक घ्या, ६०० ते १,००० रुपयांत मिळतो. दुकानात ‘जाड पिनचा’ किंवा ‘पी-३८’ म्हणून मागा, म्हणजे ६.३५ मिमीची पिन. मोबाइलच्या कॉलर माइकची बारीक पिन कन्व्हर्टरने जाड करून लावू नका. त्या माइकला जोडलेल्या यंत्राकडून वीज लागते, ती स्पीकरच्या जाड पिनेच्या जागेतून मिळेलच असं नाही, आणि मग माइक मुका राहतो. डायनॅमिक माइकला सेल लागत नाही, तो दोन-चारदा पडला तरी बहुधा तगतो, आणि मागच्या बाजूचा आवाज कमी उचलतो.

वजन हातात घेऊन बघा. व्यावसायिक माइक ३०० ग्रॅमच्या आसपास असतात. मोठ्यांना तो जड नाही, पण ७ वर्षांच्या मुलीचा हात तिसऱ्या गाण्याला खाली यायला लागतो. माइक छातीपाशी आला की आवाज पडतो, मग घरातलं कुणीतरी माइकचा आवाज वाढवतं आणि शिट्टी सुरू होते. २०० ग्रॅमच्या आसपासचा, बारीक दांड्याचा माइक घ्या, किंवा स्टँड लावा. स्टँड घेताना तो किती उंच जातो ते विचारू नका, किती खाली येतो ते मोजा. या वयाच्या मुलांचं तोंड जमिनीपासून एक मीटरच्या थोडं वर असतं आणि पुष्कळ उभे स्टँड त्याच्या खाली येतच नाहीत.

बिनतारी माइकच हवा असेल तर यूएचएफ (वायफायपेक्षा वेगळा रेडिओ पट्टा) लिहिलेला बघा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे माइक वायफायच्याच पट्ट्यात असतात. राऊटर आणि मायक्रोवेव्ह जवळ असले की आवाज तुटक येऊ शकतो. स्वस्त माइकांची फ्रीक्वेन्सी कारखान्यातच पक्की केलेली असते, त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन संच शेजारीशेजारी असले तर एकमेकांत घुसतात. शेजारच्या घरातलं गाणं तुमच्या स्पीकरमध्ये आलं तर घाबरू नका, त्यांनीही सवलतीत तोच संच घेतलाय. माइक महिनाभर वापरणार नसाल तर आतले सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने खराब झालेल्या पट्ट्या हे बिनतारी माइक मरण्याचं सगळ्यात साधं कारण आहे.

माइक धरायला शिकवणं पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने जितका फरक पडतो तितका आणखी दोन हजार खर्चूनही पडत नाही. अंतर तोंडापासून ३ ते ५ सेंटिमीटर, म्हणजे मुलीची दोन-तीन बोटं आडवी मावतील एवढं. अंतर दुप्पट झालं की माइकमध्ये पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. माइक तोंडासमोर सरळ नको, हनुवटीच्या बाजूने तिरका वर रोखलेला असावा. आपल्या भाषेत भ, फ, ख, ठ यांची कमतरता नाही. सरळ धरलेल्या माइकवर प्रत्येक ‘भ’ला हवेचा धप्पकन आवाज येतो. वर स्पंजची टोपी घाला, वीस-तीस रुपयांना मिळते आणि धुता येते. आणि जाळीला मुठीत धरायचं नाही. पडद्यावरचे गायक तसं धरतात, मुलं ते उचलतात, पण जाळी झाकली की माइकचं ‘समोरचंच ऐकायचं’ हे वैशिष्ट्य जातं आणि तो चारही बाजूंनी ऐकायला लागतो. शिट्टीला ते आमंत्रणच.

शिट्टी

स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून परत स्पीकरमधून येतो, पुन्हा शिरतो. ते कुईऽऽ एवढंच असतं. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. माइक कधीही स्पीकरच्या समोर नको. मुलीला आपला आवाज ऐकू येईनासा झाला तर स्पीकर किंचित तिरका करा. कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवला की खालचा आवाज घुमतो, हातभर पुढे घ्या. फरशी, काचा आणि रिकाम्या भिंती असलेल्या हॉलमध्ये एक पडदा किंवा सतरंजी सुद्धा मदत करते.

शिट्टी आली की मुलं घाबरून माइक खाली करतात, नेमका स्पीकरकडे. किंवा हाताने झाकतात. दोन्हीने ती वाढते. शिट्टी आली की माइक वर आकाशाकडे, असं सांगून ठेवा. मोठ्यांनी आधी एको (आवाजाचा प्रतिध्वनी) कमी करायचा, मग माइकचं ट्रेबल (बारीक, तीक्ष्ण आवाज), आणि सगळ्यात शेवटी माइकचा आवाज.

एको हे प्रकरणच निराळं. स्वस्त मशीनमध्ये त्यासाठी पीटी२३९९ जातीची एक छोटी चिप असते. ती आवाज क्षणभर साठवून पुन्हा सोडते. थोडा एको कोरड्या खोलीत बरा वाटतो. पण जास्त झाला की दोन सुरांच्या मधली जागा भरून जाते आणि सूर लागला की हुकला हे मुलीला कळतच नाही. मोठे लोक नेमके त्यासाठीच एको वाढवतात, त्याला माझी हरकत नाही. मुलगी गाणं शिकत असेल, हार्मोनियमवर अलंकार घोळवत असेल, तर एको शून्य ते एकचतुर्थांश, त्यापुढे नाही. म्हणून घेताना बघा की एको खरोखर शून्यावर येतो का. बऱ्याच मशीनवर बटण शून्यावर नेलं तरी थोडा एको राहतोच, आणि काहींवर बटणच नसतं.

पट्टी

जपानमधल्या कोबे शहरातले वादक दाइसुके इनोउए यांच्याकडे एक गिऱ्हाईक आलं, त्याला सहलीत गायचं होतं. इनोउए स्वतः जाऊ शकत नव्हते म्हणून त्यांनी त्याच्या गाण्याला जुळेल अशी साथीची टेप करून दिली. तिथून १९७१ मध्ये त्यांचं कराओके यंत्र निघालं. साथ गाणाऱ्याला जुळवून घेणारी, हे मूळ आहे. आज बाजारातल्या मशीनमध्ये नेमकं तेच सापडत नाही.

ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत, म्हणजे त्याने ‘सा’ धरलेल्या स्वरात असतो. हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषांची गाणी साधारण काळी एक ते पांढरी दोन, स्त्रियांची काळी चार ते काळी पाच या आसपास. लहान मुलांचा गळा पुरुष-पट्टीत अवघडतो: खालच्या सप्तकात सूर लागत नाहीत आणि एक सप्तक वर गेलं तर अंतऱ्यात किंचाळायला होतं. ‘मुलगी बेसूर गाते’ अशी तक्रार असते तेव्हा निम्म्या वेळा ती बेसूर नसते, पट्टी चुकीची असते.

यावर उपाय म्हणजे की-कंट्रोल, ट्रॅक अर्ध्या-अर्ध्या स्वराने वरखाली करायची सोय. वापरायची रीत सोपी आहे. गाण्यातली सगळ्यात उंच ओळ शोधा, बहुधा अंतऱ्यात असते, आणि तेवढीच गाऊन घ्या. मान ताणली जात असेल, आवाज पातळ होऊन फाटत असेल तर एक पायरी खाली. मग सगळ्यात खालची ओळ. दोन्ही निभावल्या की तो आकडा गाण्याच्या नावापुढे वहीत लिहून ठेवा. तीन-चार पायऱ्यांपर्यंत ट्रॅक बरा राहतो. त्यापुढे तबला-ढोलकीचा आवाज विचित्र व्हायला लागतो, डग्ग्याचा डबा होतो. तेव्हा त्याच गाण्याचा स्त्री-पट्टीतला ट्रॅक शोधणं चांगलं.

घेताना दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, मशीनवर ‘पिच’ लिहिलेलं बटण बरेचदा ट्रॅकचं नसतं, ते मुलीचा आवाज राक्षसाचा किंवा खारीचा करणारं गमतीचं बटण असतं. दुसरं, खरं की-कंट्रोल असलं तरी ते काही मशीनवर पेनड्राइव्हमधल्या गाण्यांनाच लागू होतं, ऑक्सने किंवा ब्लूटूथने आलेल्याला नाही. पाच हजारांत ते मिळालं नाही तरी अडत नाही, फोनवरच्या पट्टी बदलणाऱ्या संगीत-अ‍ॅपमध्ये ट्रॅक उघडून वाजवा. यूट्यूबवर वेग बदलता येतो, पण त्याने पट्टी बदलत नाही, हे लक्षात असू द्या. नवं गाणं बसवताना मात्र ०.७५ वेगाचा फार उपयोग होतो.

ट्रॅक

परदेशी मशीन ‘सीडी+जी’ डिस्कवर (गाण्याबरोबर शब्दही दाखवणारी सीडी) किंवा एकाच नावाच्या एमपी३ आणि सीडीजी अशा फाइलींच्या जोडीवर चालतात. मराठी गाण्यांसाठी हा प्रकार निरुपयोगी समजा. अमेरिकेतून किंवा दुबईहून कुणी नातेवाईक असं मशीन आणणार असतील तर त्यांना आधीच सांगा, स्पीकर आणि माइक कामाला येतील, गाणी नाही. मशीनमध्ये भरलेल्या हजार गाण्यांतही बालगीतं किती, हे यादी उघडून बघितल्याशिवाय मोजू नका.

‘व्होकल कट’ या, मूळ गायकाचा आवाज काढणाऱ्या बटणावर भरवसा ठेवून मशीन घेऊ नका. ते बटण डाव्या बाजूच्या आवाजातून उजव्या बाजूचा वजा करतं. गायकाचा आवाज सहसा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो जातो. पण त्याच्याबरोबर मधोमध असलेला ठेकाही जातो आणि गायकाच्या आवाजाची घुमणारी सावली मागे राहते. आणि आजीची जुनी भावगीतं? त्यातली बरीच मोनो ध्वनिमुद्रणं आहेत. तिथे डावं आणि उजवं एकच, वजाबाकी केली की शून्य: बटण दाबताच सगळंच गप्प. मशीन बिघडलेलं नाही, गणित बरोबर आहे. अशा गाण्यांसाठी संगणकावर आवाज वेगळे करणारी साधनं लागतात. डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर नावाचं असं साधन खुलं केलं, त्यानंतर यात पुष्कळ सुधारणा झाली आहे, आणि ही साधनं मोनोवरही चालतात कारण ती वजाबाकी करत नाहीत, गळ्याचा आवाज ओळखून बाजूला काढतात. घरच्या वापरापुरता ट्रॅक असा करून पेनड्राइव्हवर टाकता येतो. पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला घ्या. ६४ जीबीचा पुष्कळ मशीन ओळखतच नाहीत.

गुण देणाऱ्या मशीनबद्दल एकच परीक्षा: माइकजवळ नुसत्या टाळ्या वाजवा. ८० च्या वर गुण आले तर ते बंद ठेवा. असं मशीन सूर बघतच नाही, फक्त आवाज किती मोठा ते बघतं, आणि मूल लवकरच ओरडायला शिकतं.

वॅट आणि कान

खोक्यावरचे ‘५,००० वॅट पीएमपीओ’ (जाहिरातीसाठी फुगवलेला क्षणिक आकडा) विसरा, आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद विचारा. आकडा लिहिलेला नसेल तर अ‍ॅडॅप्टर बघा. ५ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे आत येणारी वीजच ५ वॅट. त्यातून सतत ५० वॅट निघणं शक्य नाही, मधे बॅटरी असली तरी ती साठवलेली वीज संपेपर्यंतच. हॉलमध्ये गायला १० ते २० वॅट आरएमएस आणि ६ ते ८ इंची स्पीकर भरपूर झाला.

खरी काळजी उलट बाजूची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मुलांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते: ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच. ९० डेसिबलला आठवड्याचा कोटा सव्वा तासात संपतो, आणि जवळ ठेवलेला लहान ट्रॉली स्पीकर ९० सहज गाठतो. फोनवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप चार-पाच डेसिबल इकडेतिकडे दाखवेल, तरी अंदाजाला पुरतं. स्पीकर कानाच्या उंचीवर नको, जमिनीवर, दीड-दोन मीटर दूर. त्याला मिठी मारून गाणं बंद. सोसायटीत राहत असाल तर हेही माहीत असू द्या की निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे.

सुरक्षिततेत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: रिमोट. त्यात नाण्याएवढा चपटा सेल असतो. धाकटं भावंड घरात असेल तर तो रिमोट उंचावर ठेवा किंवा सेलच काढा. गिळलेला असा सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो; संशय आला तरी उलटी करवत न बसता थेट रुग्णालयात. बाकी अ‍ॅडॅप्टर आणि स्पीकरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. खेळणं म्हणून विकत असतील तर आयएसआय चिन्ह हवं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे.

दुकानात दहा मिनिटं

मुलीला बरोबर न्या, फोनमध्ये तिच्या आवडीचा ट्रॅक उतरवून ठेवा. आधी मशीन बंद करून चालू करा. बरीच मशीन चालू होताना पूर्ण आवाजात इंग्रजीत काहीतरी घोषणा करतात, आणि काही आधीचा आवाज विसरून थेट मोठ्यावर उघडतात. दुसरी सवय असलेलं मशीन मुलासाठी घेऊ नका. मग संगीत न लावता माइक अर्ध्यावर ठेवा आणि गप्प राहा: सूंऽ असा आवाज किती येतो? एको शून्यावर नेऊन माइकच्या जाळीवर बोटाने टिचकी मारा. एकच ‘टक’ ऐकू आली तर ठीक, दोन आल्या तर उशीर आहे किंवा एको पूर्ण जात नाही. आता मुलीला आधी हळू आणि मग मोठ्याने गायला सांगा. मोठ्या आवाजात शब्द फाटले तर माइकचा भाग कच्चा.

शेवटी ट्रॅक लावून गाऊ द्या आणि संगीताकडे कान ठेवा. ती तोंड उघडताच संगीत एकदम खाली जातंय का? ही सभेत घोषणा करण्यासाठीची ‘माइक प्रायॉरिटी’ सोय आहे. गाताना ती नको, कारण ओळ सुरू झाली की ठेका गायब आणि श्वास घेतला की परत हजर. ती बंद करता येते का ते विक्रेत्याकडून करूनच घ्या. ‘होईल बंद’ यावर जाऊ नका.

पैशाची वाटणी साधारण अशी बसते: स्पीकर ३,२०० ते ३,६००, माइक ७०० ते ९००, केबल आणि स्पंज २००, उरलेल्यात साधा स्टँड.

घरी आल्यावर गाताना गुरगुर ऐकू आली तर चार्जर काढा. चार्जिंग चालू असताना स्वस्त अ‍ॅडॅप्टरचा आवाज माइकमध्ये उतरतो. बॅटरीवर गायचं आणि नंतर चार्ज करायचं, तेही सोबत आलेल्या अ‍ॅडॅप्टरनेच. ट्रॉलीत १२ व्होल्टची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर ती रिकामी ठेवून विसरू नका. परीक्षा संपेपर्यंत म्हणून फेब्रुवारीत कपाटावर चढवलेला स्पीकर मे महिन्यात चार्जच होत नाही, कारण रिकाम्या पडून राहिलेल्या लेडच्या पट्ट्यांवर थर बसतो. दर महिना-दीड महिन्याला पूर्ण चार्ज करा. पहिल्याच दिवशी सगळी बटणं नीट लावून झाली की मुख्य आवाजाच्या बटणावर आणि शेजारी खोक्यावर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या: याच्या पुढे फिरवायचं नाही. माइकच्या बटणाला वेगळ्या रंगाचा.